१६८ तास

(दृश्य: अंधारी खोली. मोबाइलचा गजर. एक हात चाचपडत तो बंद करतो.)

पहाटेचे पाच. शिकता शिकता नोकरी करणारी ही मुलगी झोपली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

तिच्या उशाशी एक वही असते. डाव्या पानावर पैशांचा हिशेब: भाडं, फी, वीज, किराणा, प्रवास. हा हिशेब बहुतेक जण ठेवतात. उजव्या पानावर तिने तास मांडलेत.

(दृश्य: वहीचं उजवं पान, जवळून.)

आठवड्याचे तास १६८. झोप रोज ७, म्हणजे ४९. लेक्चर २५. अभ्यास २५. नोकरी ३०. स्वयंपाक, धुणं-भांडी, आंघोळ रोज ३, म्हणजे २१. जाणं-येणं रोज ३, सहा दिवसांचे १८.

शिल्लक शून्य.

या पानावर आजारी पडायला जागा नाही. एखादी गाडी चुकली, रात्री दहाला मॅनेजरचा मेसेज आला, ‘उद्या सकाळी येशील का?’, की तेवढे तास कुठून तरी काढावे लागतात. निघतात ते झोपेतूनच. दिवसभरात वाचलेलं डोक्यात पक्कं होण्यासाठी झोप लागते. ती तोडून वाचलेली पानं परीक्षेत आठवत नाहीत, आणि ही मुलगी आपल्या बुद्धीलाच बोल लावत बसते. याचं फार वाईट वाटतं.

परदेशी विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या तासांवर काही देशांत कायद्यानेच मर्यादा आहे. कॅनडात २०२४ च्या नोव्हेंबरपासून, सत्र सुरू असताना, कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास. ऑस्ट्रेलियात २०२३ च्या जुलैपासून पंधरवड्याला ४८. अभ्यासाला वेळ उरावा, हा त्यामागचा एक हेतू. पण घरभाडं त्या तासांत बसत नाही, तेव्हा काही जण रोखीवर, कुठेही नोंद नसलेलं काम धरतात. मग मालकाने महिन्याचा पगार बुडवला, तरी तक्रार करायची भीती. तक्रार केली तर आपणच नियम मोडल्याचं उघड होणार. मालकालाही हे पक्कं ठाऊक असतं.

(दृश्य: गच्च भरलेल्या गाडीत उभी असलेली ती. हातात दुमडलेल्या नोट्स.)

ही खोली तिने स्वस्त म्हणून घेतली. शहराच्या टोकाला. सुरुवातीलाच डिपॉझिट आणि पहिलं भाडं एकदम भरायचं होतं, तेव्हा दुसरं काही परवडलंच नसतं. पण आठवड्याला १८ तास जातात ते या स्वस्त खोलीपायीच. डाव्या पानावर वाचलेले पैसे उजव्या पानावर फेडावे लागत होते. दोन्ही पानं शेजारी ठेवली, तेव्हा तिला ते दिसलं.

(दृश्य: छोटी खोली. तीन पलंग. दोरीवर ओले कपडे.)

गेल्या महिन्यात ती कॉलेजजवळ राहायला आली, दोघींसोबत. भाडं वाढलं. त्यासाठी आठवड्याला ४ तास जास्त काम करावं लागतं. प्रवासाचे मात्र १२ तास वाचले. परीक्षेचं वेळापत्रक हातात पडलं, त्याच दिवशी तिने ते मॅनेजरला नेऊन दिलं. त्या आठवड्यात दोनच शिफ्ट लावल्या आहेत.

उरलेल्या ८ तासांपुढे वहीत अजून काहीच लिहिलेलं नाही.

(दृश्य: रविवार सकाळ. खिडकीतून ऊन. ती झोपलेली आहे.)