भजन रटाळ वाटतं? आधी भोंगा बंद करा

नमस्कार मंडळी! सकाळच्या गर्दीत ठाण्याहून सीएसएमटी लोकल पकडली, नेमका भजनी मंडळाचा डबा लागला आणि तुम्ही हेडफोन कानात खुपसलेत, तर आजचा व्हिडिओ तुमच्यासाठीच.

‘भजन म्हणजे म्हाताऱ्यांचा उद्योग’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते ऐकलेलं असतं देवळावरच्या भोंग्यातून. भोंगा खर्जातला आवाज धड बाहेर टाकतच नाही. पखवाजाची धूम, म्हणजे डाव्या बाजूचा घुमणारा आवाज, गायब, उरतो टाळांचा खणखणाट आणि बुवांचा चिरका आवाज. मोबाइलच्या स्पीकरचीही तीच गत. कान किटणारच की!

म्हणून पहिल्यांदा ऐकाल ते समोर बसून. घणसोली किंवा दिवाळे गावात सप्ताह असेल तेव्हा देवळात जा. माइक नसेल तर उत्तमच. पखवाजाच्या डाव्या तोंडाच्या बाजूला, दोनेक हात अंतरावर बसा. झांजेच्या तोंडासमोर बसलात तर दुसरं काही ऐकूच येणार नाही.

(क्लोज-अप: धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, कणीक थापणारा हात)

हे नीट बघा. धुमेच्या मधोमध ओल्या कणकेचा पुरीएवढा गोळा थापतात. वजनामुळे चामडं संथ हलतं, आवाज खाली उतरतो आणि घुमतो. कणीक सैल झाली तर पसरते, घट्ट झाली तर वाजवताना सुटते. डोक्यावर पंखा असेल तर ती सुकते आणि आवाज चढत जातो. मग वादक पाण्याचा हात फिरवतो. भजन संपलं की ती खरवडून काढायची, नाहीतर वाळून चामड्याची वाट लागते. पावसाळ्यात, आणि ठाण्याचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, उजवी बाजूही उतरते. तेव्हा हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून ती सुरात आणतात. ही ठोकाठोक कंटाळवाणी वाटते खरी, पण कान तयार होतो तो तिथंच.

आता ठेका. मोजायला साधा केरवा घ्या, 8 मात्रांचा: धा गे न ति, न क धि न. घुमारा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, मधे पोकळी. ती पोकळी जाणवली की मान आपोआप हलायला लागते.

शब्दांचंही गणित आहे. मोठ्या अभंगात 6, 6, 6 आणि 4 अक्षरं. तुकोबांचं घ्या: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, चौथा दोन अक्षरांनी आखूड. तिथं उरलेली जागा बुवा तान घेऊन भरतात, नाहीतर पखवाजवाला एखादा तुकडा टाकून. मजा बघायची तर ती या फटीतच. चालीचं कौतुक नंतर करा.

घरी ऐकायचं तर साधे वायरचे हेडफोन चालतील, फक्त बास वाढवू नका. धूम फुगते आणि बोल एकमेकांत मिसळतात.

आणि मंडळात कुणी टाळ हातात दिलाच, तर नाही म्हणू नका. सुरुवातीला फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, वाजवा. दुगण, म्हणजे दुप्पट लय, लागली की मुकाट्याने टाळ मांडीवर ठेवा. नवखे घसरतात ते तिथंच, आणि बुवा वळून बघतात ते वेगळंच!