साखरेचा एक रेणू आणि बॉम्बे रक्तगट

(दृश्य : परळ. रुग्णालयाबाहेरची सकाळची गर्दी. मग रक्तपेढीतलं टेबल, काचपट्टीवर रक्ताचे थेंब.)

मुंबई. पन्नासच्या दशकाची सुरुवात. दोन माणसांना तातडीनं रक्त हवं होतं. एक रेल्वे अपघातात सापडलेला, दुसऱ्याला कुणीतरी भोसकलेलं. रक्त तपासलं, तर त्यात ए नाही आणि बीही नाही. म्हणजे ओ. आता ओ गटाचं रक्त चालायलाच हवं. पण जुळवून पाहिलं, तर पेशींचे पुंजके होऊ लागले. दुसऱ्या ओ दात्याचं रक्त आणलं, तरी तेच. ए, बी, एबी, कुठलंही घ्या, या दोघांच्या रक्ताला ते चालेना.

डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी हे कोडं सोडलं नाही. लंडनचे रेस आणि सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स हे शास्त्रज्ञही त्यात आले. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सगळ्यांनी मिळून छोटंसं टिपण छापलं, आणि आपल्या शहराचं नाव जगभरच्या रक्तपेढ्यांत पोचलं : बॉम्बे रक्तगट.

(दृश्य : रेखाचित्र. लाल पेशी, तिच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळ्या.)

लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली, की तयार होतो ‘एच’. त्या एचवर आणखी एक साखर चढली की ए गट, वेगळी चढली की बी. काहीच चढलं नाही, तर एच तसाच उघडा राहतो, आणि तोच ओ गट. म्हणजे ओ गटाची पेशी कोरी नसते. उलट एच सगळ्यात जास्त तिच्यावरच असतो.

बॉम्बे गटात फ्यूकोज जोडणारं विकरच, म्हणजे एन्झाइमच, काम करत नाही. पायाच नाही, तर मजला कशावर चढणार? शरीराला एच परका वाटतो, आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात कायम तयार असतात. अशा माणसाला ओ गटाची बाटली लावली, तर आलेल्या पेशी शरीरातच फुटू लागतात. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. एरवी हा माणूस पूर्ण निरोगी असतो. रक्त लागेपर्यंत त्याला स्वतःलाही काही कळत नाही.

(दृश्य : एका कुटुंबाची वंशावळ, हळूहळू उलगडत जाणारी.)

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए किंवा बीचं जनुक असू शकतं. एचच नसल्यामुळे ते दिसत नाही, इतकंच. पण ते मुलाकडे जातं. मग कार्डावर बाप ओ, आई ओ, आणि मूल ए! अशा वेळी बोट कुणाकडे दाखवलं जातं, हे सांगायला नको. मूल त्यांचंच असतं. त्या बाईवर संशय घेण्याआधी आई आणि बाप, दोघांच्याही रक्तात एच आहे का, हे तपासायला हवं.

भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा. युरोपात दहा लाखांत एक. जनुकातला दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. म्हणून नात्यातच लग्नं होतात तिथे हा गट जास्त सापडतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, भारतातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांतही तो आढळला आहे.

(दृश्य : परीक्षानळ्या. तंत्रज्ञाचे हात.)

ओळखणं अवघड नाही. रुग्णाचा रक्तद्रव घेऊन त्यात ओ गटाच्या पेशी घालायच्या. पुंजके झाले, तर शंका घ्यायची. मग एचला चिकटणाऱ्या ‘अँटी-एच’नं रुग्णाच्या पेशींवर एच नाही याची खात्री करायची, ते मिळतं युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून. काचपट्टीवर नुसत्या ए-बीच्या दोन थेंबांवर थांबलं, तर मात्र बॉम्बे गट ‘ओ’ म्हणूनच नोंदला जातो.

खरी अडचण पुढे. हा माणूस इतरांना रक्त देऊ शकतो, घेऊ मात्र फक्त बॉम्बे गटाचंच शकतो. लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. पुरुष दाता तीन महिन्यांनी, स्त्री चार महिन्यांनीच पुन्हा रक्त देऊ शकते. त्यामुळे साठा करून ठेवणं कठीण. पेशी गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतात, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी. म्हणून दात्यांच्या याद्या असतात, फोन जातात, आणि कुणीतरी रात्रीची गाडी पकडून अनोळखी माणसासाठी दुसऱ्या गावी पोचतं.

(दृश्य : रक्तपेढीत रांगेत बसलेली भावंडं.)

घरात कुणी बॉम्बे गटाचं निघालं, तर पहिल्यांदा सख्ख्या भावंडांचं रक्त तपासून घ्या. आईवडील दोघांचाही एच शाबूत असेल, तरी प्रत्येक भावंड त्याच गटाचं असण्याची शक्यता चारात एक असते. हजारो अनोळखी दाते तपासून जे हाती लागत नाही, ते कधी कधी त्याच घरात सापडतं.