तीन-चार हजारांचा एसडीआर, नाशिकच्या गच्चीवरून

(दृश्य: सिडकोतली गच्ची. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला टेपने बांधलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या कांड्या. केबल जिन्यातून खाली उतरते.)

निवेदन: वर हा अँटेना, खाली लॅपटॉपला लावलेलं पेनड्राइव्हएवढं डोंगल. हाच आपला एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ. हे मुळात रेडिओ म्हणून बनलंच नव्हतं. परदेशात लॅपटॉपवर टीव्ही बघायला ते स्वस्तात मिळायचं. २०१२च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की त्यातली रिअलटेकची चिप कच्चा सिग्नल तसाच संगणकाला देऊ शकते. मग स्टेशन लावणं, गाळणं, आवाज काढणं हे सगळं सॉफ्टवेअरवर सोपवता येतं.

(दृश्य: स्क्रीनवर सरकणारा रंगीत पट्टा. १०१.४वर जाड उजळ रेघ.)

निवेदन: जाहिरातीत लिहिलेलं असतं, २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ. वाटतं, एवढं सगळं एकदम दिसणार. पण एका वेळी स्क्रीनवर दिसणारी खिडकी जेमतेम २.४ मेगाहर्ट्झची. आकाशवाणी नाशिक १०१.४वर, मिर्ची ९८.३वर. मधलं अंतर ३.१. आपल्याच गावची ही दोन स्टेशनं एका खिडकीत मावत नाहीत!

मोठी खिडकी हवी तर पैसे मोजा. एसडीआरप्ले आणि हॅकआरएफ हे महागडे एसडीआर. एसडीआरप्लेची खिडकी १० मेगाहर्ट्झपर्यंत, हॅकआरएफची २०. म्हणजे ८८ ते १०८ अख्खा एफएम बँड एका नजरेत. बघायला झकास, पण ऐकायला कान दोनच. त्यातही गंमत अशी, की हॅकआरएफची मोजणी या डोंगलसारखीच ८ बिटची, म्हणजे सिग्नलच्या फक्त २५६ पायऱ्या. एसडीआरप्लेची १४ बिटपर्यंत जाते. मला विचाराल तर रुंदीपेक्षा या पायऱ्यांना पैसे मोजावेत.

(दृश्य: विमानांच्या बँडमध्ये अचानक गाणं ऐकू येतं.)

निवेदन: १२०च्या आसपास गाणं कुठून आलं? वैमानिक काही गाणी लावत नाहीत. स्वस्त रिसीव्हरच्या तोंडाशी चाळणी नसते, सगळं आत घुसतं. जवळच्या एफएमच्या जोरानं आतला ट्यूनर गुदमरतो आणि खोटी स्टेशनं उभी राहतात. ओळखायची युक्ती सोपी. गेन, म्हणजे रिसीव्हर सिग्नल किती वाढवतो ते, १० डेसिबलनं उतरवा. खरा सिग्नल तेवढाच उतरतो, खोटा त्याहून कितीतरी जास्त. पुष्कळदा तो जागेवरच नाहीसा होतो. एफएम अडवणारा छोटा फिल्टर लावला, की स्क्रीन एकदम साफ.

(दृश्य: नकाशावर सरकणारी विमानं.)

निवेदन: आता पैसे वसूल करणारा भाग. १०९० मेगाहर्ट्झवर विमानं आपली जागा आणि उंची स्वतःच सांगत असतात. त्यासाठीची तार अवघी ७ सेंटीमीटरची. नाशिकवरून उंचावर जाणारं विमान नकाशावर ठळक दिसतं. पश्चिमेला ते खाली उतरू लागलं, की अंजनेरी आणि सह्याद्रीची रांग आडवी येते आणि ठिपका पुसला जातो. तिथे महागडा रिसीव्हरही काही करू शकत नाही. अँटेना उंच न्यावा लागतो.

टाकीवरच्या कांड्या मात्र हवामान उपग्रहांसाठी आहेत. प्रत्येकी साधारण ५३ सेंटीमीटर, मध्ये १२० अंशांचा कोन. जुन्या व्हिडिओंत दिसणारे अमेरिकेच्या नोआ संस्थेचे उपग्रह शोधू नका, शेवटचे तिन्ही २०२५मध्ये बंद झाले. १३७ मेगाहर्ट्झवर रशियाचे मेटिऑर धरा. चित्र ओळीओळीनं उतरतं आणि त्यासाठी ही छोटी खिडकी पुरून उरते.

शॉर्टवेव्हचं म्हणाल, तर शहरात एलईडी बल्ब आणि चार्जर एवढे किरकिरतात, की आधी घरातलेच दिवे बंद करून बघावे लागतात.

(दृश्य: टेबलावर डोंगल, फिल्टर, केबलचं वेटोळं.)

निवेदन: तर घ्यावं का? हे डोंगल जरूर घ्या. उरलेले पैसे फिल्टर, चांगली केबल आणि अँटेना यांवर घाला. पोलिसांचं बोलणं ऐकायला घेत असाल, तर राहू द्या, ते कायद्यात बसत नाही. आणि हॅकआरएफवरच मन बसलं असेल, तर आधी हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा द्या. त्याच्या किमतीत प्रक्षेपणाची सोय धरलेली असते आणि परवान्याशिवाय ते बटण दाबता येत नाही.