अकलूजची सेत्ते

(दृश्य : पुणे-सोलापूर रस्ता, फेब्रुवारीतली पहाट)

हडपसर मागं पडलं की मांजरी. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथंच, १९९७ पासून. पण आज थांबायचं नाही. भिगवण, इंदापूर, सराटी, मग नीरेवरचा पूल, आणि अकलूज. पुण्याहून साधारण १७० किलोमीटर. इंदापूरपासून पुढची वाट तुकोबांच्या पालखीची. सराटीला पादुकांना नीरास्नान, अकलूजला गोल रिंगण. त्याच मुलखात लाल वाइन पिकते म्हटल्यावर आमच्या आजीनं कानांवर हात ठेवले असते.

(दृश्य : उसाचे फड, मग मोकळा माळ)

ऊस, ऊस आणि ऊस. तो संपतो तिथं मुरमाड माळ सुरू होतो आणि तारांवर चढवलेल्या वेली दिसतात. मोटेवाडी, गारवाड. फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे हे मळे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. भावांच्या तीन जोड्या : अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी, इटलीचे सेच्ची. सातवे म्हणजे वाइनकार पिएरो मासी, इटलीतल्या तस्कनीचे. या सातांवरून त्यांच्या मानाच्या लाल वाइनचं नाव पडलं : सेत्ते, म्हणजे सात. द्राक्षं मात्र दोनच, सान्जोवेझे आणि कॅबरने सॉव्हिन्यो.

(दृश्य : घड, अगदी जवळून)

खायच्या द्राक्षाशी याची तुलना नको. मणी करवंदाएवढा. दाताखाली घेतला की आधी गोडी, मग बिया, आणि शेवटी सालीचा तुरटपणा, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते तसा. आतला गर जवळजवळ बिनरंगी असतो. वाइनचा लाल रंग सालीतून येतो, म्हणून आंबवताना रस आणि साली एकत्र ठेवतात. साली फुगून वर येतात, थर धरतात. खालचा रस काढून पुन्हा त्यांच्यावर सोडत राहायचं.

आता खरी गोम. तस्कनीत वेल हिवाळ्यात झोपते आणि फळ पिकतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा गार होत जाते तेव्हा. इथं वेलीला झोप अशी नाहीच. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि घड पिकतात तेव्हा ऊन चढत असतं. घड्याळच उलटं! आठवडाभर उशीर झाला तरी साखर वर जाते, आंबटपणा खाली येतो आणि वाइन मुरांब्यासारखी लागते.

म्हणून सान्जोवेझे. तस्कनीतल्या कियांती वाइनचं हे मूळ द्राक्ष जात्याच आंबट. उन्हातही त्याची आंबट चेरीसारखी धार सहजी जात नाही. त्याला अंग मात्र बेताचंच. ते अंग कॅबरने देतं : गडद रंग, काळ्या फळांचा वास, हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा. ही जोडी अकलूजची नव्हे. तस्कनीत ‘तिन्यानेल्लो’ या वाइननं १९७० च्या दशकात ती नावारूपाला आणली, तीही कियांतीच्या तेव्हाच्या नियमांबाहेर जाऊन.

(दृश्य : पुण्यातलं घर, संध्याकाळ, पेला)

तरी पेल्यात तस्कनी शोधू नये. इथलं फळ जास्त पिकलेलं असतं, आणि ते लपवायचं कारण नाही. घोट घेतला की आधी तेच पुढं येतं. आंबटपणा मागून येतो आणि तोंड स्वच्छ करून जातो.

एक तक्रार. पुण्यातल्या एका बऱ्यापैकी हॉटेलात एप्रिलमध्ये लाल वाइन मागवली, तर ती कोमट आली. विचारलं, तर म्हणे रेड वाइन रूम टेंपरेचरलाच देतात. अहो, कुणाच्या रूमचं? १६ ते १८ अंश म्हणजे आपल्याकडची डिसेंबरची संध्याकाळ. बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, बस्स.

आणि सोबत तांबडाजाळ रस्सा नको. तुरट वाइनवर तिखट आणखी भडकतं. सुकं मटण, जरा चरबीचं, मसाला बेताचा. आमच्या कॅमेरावाल्यानं पहिला घोट घेऊन नाक मुरडलं होतं. मटणाचा तुकडा खाल्ल्यावर त्यानं पेला गुपचूप पुढं केला.