वजनाच्या ऑपरेशननंतर सॅलड: घाई कशाला?

नमस्कार श्रोतेहो. ज्यांचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय किंवा घरात कुणाचं होणारे, त्यांच्याशी आज बोलायचंय आणि विषय अगदी साधा वाटेल असा घेतलाय, सॅलड. काकडी, टोमॅटो, गाजर, बीट, कोबी, लेट्यूस, जे काही आपण कच्चं खातो ते सगळं.

आहाराचा सल्ला देताना मला एक गोष्ट सारखी दिसते. माणूस ऑपरेशन करून घरी येतो, मनात ठरवलेलं असतं की आता फक्त हेल्दी खायचं, आणि हेल्दी म्हटलं की डोळ्यासमोर पहिली येते ती सॅलडची प्लेट. घरचेही प्रेमाने गाजर-काकडी चिरून समोर ठेवतात. आणि नेमका हाच पदार्थ ऑपरेशननंतर सगळ्यात शेवटी यायला हवा. सॅलड वाईट म्हणून नाही, पोट अजून त्या कामाला तयार नसतं म्हणून.

आपलं पोट म्हणजे नुसती पिशवी नाही बरं का. पोटाचा खालचा भाग अन्न घुसळतो, दळतो, आणि कण साधारण 1-2 मिलीमीटरचे झाले की मगच पुढे आतड्यात सोडतो, सोबत ॲसिड असतं ते वेगळं. वजनाच्या ऑपरेशनचे दोन नेहमीचे प्रकार, बायपास आणि स्लीव्ह. आता बायपासमध्ये, म्हणजे हृदयाचं नाही, पोटाचं बायपास, काय करतात, वरच्या बाजूला अंदाजे 30 मिलीची छोटी पिशवी बनवतात, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, आणि ती थेट आतड्याला जोडतात, तर तो दळणारा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूलाच पडतो. पिशवीत ॲसिड नावापुरतं, आणि पुढे जायचं तोंड जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचं. स्लीव्हमध्ये पोटाचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, उरते ती अरुंद नळी, आणि सुरुवातीला तिला आतून सूज असते. त्यात बऱ्याच जणांना पहिले काही महिने ॲसिड कमी करायच्या गोळ्या चालू असतात. अशा पोटात नीट न चावलेला गाजराचा तुकडा गेला की तो आहे तसाच राहतो. म्हणून मी लोकांना सांगते की आता तुमचं तोंड हाच मिक्सर आहे, जे बारीक व्हायचंय ते तिथेच.

आणि अडकलं की काय होतं ते ज्याला झालंय त्यालाच विचारा. छातीच्या मधोमध घट्ट दाबल्यासारखं होतं, तोंडात फेसाळ लाळ सुटायला लागते, घाम येतो, आणि कधी कधी तो घास उलटून बाहेर पडतो. अशा वेळी लोक घास खाली ढकलायला वरून गटागटा पाणी पितात, ते मुळीच करू नका, वाट बंद असते, पाणी वरतीच साठतं आणि त्रास दुप्पट होतो. खाणं थांबवा, उभे राहा, थोडं चाला, बहुतेक वेळा आपोआप सुटतं. क्वचित मात्र भाज्यांचे न पचलेले धागे पोटात साठून त्यांचा गोळा होतो, त्याला बेझोअर म्हणतात, आणि तो कधी दुर्बिणीने तर कधी ऑपरेशन करून काढावा लागतो. हे रोज घडत नाही, घाबरवायचं म्हणून सांगत नाहीये, पण कडक धाग्यांच्या भाज्या, सेलरी, ॲस्परॅगसचे देठ, अननस, संत्र्याच्या फोडीवरचं पांढरं साल, यांच्याशी जपून राहायचं कारण हेच.

मग कच्चं खायचं कधी? आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, असा बहुतेक ठिकाणी क्रम असतो. कच्च्या भाज्या त्याच्याही नंतर, कुणाला दोन महिन्यांनी, कुणाला तीन, कुणाला आणखी उशिरा चालतात. तुमच्या सर्जनने आणि डाएटिशियनने जी वेळ दिलीय तीच तुमची वेळ, शेजारच्या बेडवरच्या पेशंटची वेगळी असू शकते कारण त्याचं ऑपरेशनच वेगळं असेल.

सुरुवात शिजवलेल्या भाजीपासून करा, दुधी, गाजर, फरसबी मऊ शिजवून. हे आठवडाभर बिनत्रास गेलं की साल आणि बिया काढलेली काकडी, बिनसालीचा टोमॅटो, लेट्यूसचं मधलं देठ काढून फक्त कोवळं पान, असं एका वेळी एकच नवीन, दोन-तीन चमचेच, आणि मग एक-दोन दिवस बघा पोट काय म्हणतंय. एकदम पाच भाज्यांची प्लेट खाल्ली आणि पोट दुखलं तर कशाने दुखलं हे कळणार कसं? गाजर-बीट नंतर, आणि तेही किसूनच. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली कच्चे खायची मात्र अजिबात घाई नको, गॅसने माणूस हैराण होतो. प्रत्येक घास 20-30 वेळा चावायचा, टीव्ही मोबाईल बंद ठेवून, कारण लक्ष दुसरीकडे गेलं की आपण गिळतोच. आणि सगळं नीट धुवून घ्या, पोटातलं ॲसिड जंतू मारतं आणि तेच आता कमी झालंय.

आता ज्या मुद्द्यावर मला जास्त वेळ बोलायचंय तो, प्रोटीन. पोटात जागा मूठभर, आणि दिवसाला कमीत कमी 60 ग्रॅम प्रोटीन तरी जायला हवं. 100 ग्रॅम काकडीत एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नसतं, जवळजवळ सगळं पाणीच. म्हणजे जेवायला बसल्यावर आधी काकडी खाल्ली तर पोट भरलं आणि हातात काहीच आलं नाही. असं काही महिने चाललं की वजन उतरतं पण त्यात स्नायूही जातात, थकवा येतो, आणि केस गळतात. केस गळणं तसंही पहिल्या काही महिन्यांत वजन भराभर उतरल्याने होतंच, पण प्रोटीन कमी पडलं की ते वाढतं. त्यामुळे आधी अंडं, मासे, चिकन, पनीर, टोफू, डाळ, जे तुम्ही खाता ते, मग शिजवलेली भाजी, आणि जागा उरली तर सॅलड. उरली नाही तर त्या दिवशी सॅलड नाही, काही बिघडत नाही. भाजी खातोय म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद करणारेही भेटतात, तर तसं करू नका, बी12, आयर्न, कॅल्शियम, डी हे सॅलडने भरून निघत नाही, त्या गोळ्या कायमच्या आहेत.

ड्रेसिंगबद्दल पटकन सांगते. एक मोठा चमचा मेयोनीज म्हणजे 90-100 कॅलरी, आणि गोड ड्रेसिंगने बायपासवाल्यांना डंपिंग होऊ शकतं, म्हणजे धडधड, घाम, जुलाब. लिंबू, थोडं दही, चमचाभर तेल पुरे.

उलट्या एक दिवसापेक्षा जास्त चालू राहिल्या, पाणीही टिकत नसेल, किंवा पोटात जोरात दुखत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला फोन करा. बरेच दिवस उलट्या होत राहिल्या तर शरीरातलं बी1 व्हिटॅमिन संपतं आणि त्याने नसांवर, मेंदूवर परिणाम होऊ शकतो. दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर आपलं कोणतं ऑपरेशन झालंय आणि कधी, हे आधी सांगा.

आणि ज्यांच्या ऑपरेशनला वर्ष-दीड वर्ष झालंय त्यांनी उलट सॅलड वाढवायला हवं. तोवर भूक परत यायला लागते, घास मोठे व्हायला लागतात, बिस्किटं आणि चिप्स सहज खाली उतरतात, आणि अशा वेळी प्रोटीननंतर वाटीभर नीट चावलेलं सॅलड खाल्लं तर पोटही भरतं आणि बद्धकोष्ठताही कमी होते, फक्त पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने.