फाटक पडलंय, गाडी बंद करा

(दृश्य: मिरजेजवळचं रेल्वे फाटक. डिसेंबरची सकाळ. दोन्ही बाजूंना लांब रांग.)

मिरज जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार दिशांचे लोहमार्ग इथे एकत्र येतात. प्रवासी गाड्या, त्यात मालगाड्यांची भर, त्यामुळे आसपासची फाटकं दिवसभर पडत-उघडत असतात. एक गाडी गेली, आता उघडणार असं वाटतं, तेवढ्यात समोरून दुसरी येते.

आता या रांगेकडे बघा. रिक्षावाल्यानं फाटक पडताच किल्ली फिरवली. इंधनाचा हिशेब त्याला रोज संध्याकाळी करावा लागतो. मोटारसायकलीही बहुतेक बंद आहेत. चालू आहेत त्या मोटारी. थंडीमुळे त्यांच्या सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ दिसतेय. ती बरीचशी पाण्याचीच असते. छातीला त्रास देणारं जे काही आहे, ते कॅमेऱ्यात येत नाही.

गाडी चालू का ठेवलीत, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. "आत्ता उघडेल की!" "परत सेल्फ मारला की जास्त पेट्रोल जातंय." "इंजिन गरम राहिलेलं बरं असतंय."

ही उत्तरं लोकांनी मनानं रचलेली नाहीत. ती त्यांना शिकवली गेली आहेत, आणि ज्यांनी शिकवली त्यांचं तेव्हा बरोबरच होतं.

(दृश्य: गॅरेज. टेबलावर उघडलेला जुना कार्बोरेटर.)

मिस्त्रींनी जपून ठेवलेला हा कार्बोरेटर. हा फ्लोट, हा जेट, आणि ही चोकची झडप. आत येणाऱ्या हवेच्या ओढीनं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जायचं आणि हवेत मिसळायचं. इंजिन थंड असलं की पेट्रोलची नीट वाफ व्हायची नाही. मग चोक ओढायचा, हवा कमी करायची, पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं आणि इंजिन तापेपर्यंत हलकी रेस देत उभं राहायचं. घाई केली की गाडी भर चौकात बंद. गरम इंजिनमध्ये कधी पेट्रोल जास्त व्हायचं, मग सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. डिझेल गाडीत हीटर प्लग तापायची वाट बघावी लागायची. अशा गाड्या चालवलेल्या माणसानं "चालू गाडी बंद करू नकोस" असं मुलाला सांगितलं, तर त्यात नवल नाही.

(दृश्य: आजच्या गाडीचं बॉनेट उघडं. मिस्त्री स्कॅनर जोडतात.)

आता हे इंजिन. कार्बोरेटर नाही, चोक नाही. सेन्सर इंजिनचं तापमान आणि आत येणारी हवा मोजतात, त्यावरून संगणक ठरवतो की इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, किती वेळ उघडा ठेवायचा. थंड इंजिनला काय हवं, गरम इंजिनला काय हवं, हे त्याचं तो बघतो. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला लागणारं पेट्रोल हे साधारण १० सेकंद उभ्या गाडीत जळणाऱ्या पेट्रोलपेक्षा जास्त नसतं. तरी प्रत्येक १० सेकंदांना किल्ली फिरवा, असं आम्ही म्हणणार नाही. गाडीत आपोआप बंद-चालू होण्याची सोय नसेल, तर स्टार्टरचाही विचार करायला हवा. पण अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचंय हे समोर दिसत असेल, तर गाडी बंदच करावी. पडलेलं फाटक अर्ध्या मिनिटात उघडत नाही.

साध्या मोटारीचं इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते एक लिटर इंधन जाळतं. एसी लावला की आणखी. ताशी ०.६ लिटर धरा. रोज २० मिनिटं असं उभं राहिलं, तर वर्षातल्या ३०० दिवसांत ६० लिटर. गाडी एक फूटही पुढे न जाता.

आणि "गरम राहिलेलं बरं" याचं काय? सकाळी दारात दहा मिनिटं चालू ठेवलेल्या गाडीपेक्षा, सुरू करून लगेच सावकाश हाकलेली गाडी लवकर तापते. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला तापल्याशिवाय धूर साफ करत नाही. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावरचे बीएस-६ नियम आले. त्या डिझेल गाड्यांमधली काजळी अडवणारी ही जाळी बघा. अडकलेली काजळी जाळायला जास्त उष्णता लागते. उभ्या गाडीत ती मिळत नाही आणि जाळी तुंबत जाते. असं काम मिस्त्रींकडे आलं की मालकाचा खिसा चांगलाच हलका होतो.

कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, बारीक कण हे सगळं रांगेतल्याच माणसांच्या नाकात जातं.

मिस्त्री दोन गोष्टी आवर्जून सांगतात. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, असलेली गाडी घाट चढून किंवा हायवेवर जोरात पळवून आणली, तर अर्धा ते एक मिनिट चालू ठेवून मग बंद करायची, म्हणजे टर्बोतलं तेल करपत नाही. आणि उतारावर चालत्या गाडीचं इंजिन कधीही बंद करायचं नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

(दृश्य: सांगलीतलं विश्रामबाग. शाळेचं गेट, सुटायची वेळ.)

इथे तर अंदाज बांधायचाही प्रश्न नाही. शाळा किती वाजता सुटते हे प्रत्येक पालकाला पाठ आहे. तरी आधीच येऊन लागलेल्या या गाड्या बघा, काचा वर, एसी चालू. एप्रिलच्या उन्हात सांगलीत काचा बंद करून बसवत नाही, हे खरं. पण हा डिसेंबर आहे, आणि समोर झाडाची सावली रिकामी आहे. पोरं बाहेर पडतात ती याच गाड्यांच्या मधून, आणि त्यांची नाकं सायलेन्सरच्या बरीच जवळ असतात. पहिल्या दोन गाड्यांच्या चालकांना आम्ही काच खाली घ्यायला सांगून विनंती केली. दोघांनीही गाडी बंद केली. मागच्या तिसऱ्यानं न सांगता केली.