आधी जे लागतं तेच दिसतं

मंडळी, पाटीवर विषय लिहिलाय "पारदर्शक बॉडी आणि रंगांचा क्रम". तिथे मी येणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगायचीय, कारण ती ऐकल्याशिवाय क्रम डोक्यात बसत नाही असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी निदान एक तरी बॉडी रंगवलीय, त्यामुळे आरसी कार म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी आणि बॉडी म्हणजे तिच्यावर बसणारं पारदर्शक प्लास्टिकचं कवच, इथपासून सुरू करत नाही.

बॉडी आतून रंगवायची हे सगळ्यांना माहीत असतं. रंग आत राहिला की वरून खरचटलं, गाडी उलटून घसरत गेली, तरी ओरखडा प्लास्टिकवर उमटतो, रंगाला काही होत नाही, हेही आपण एकमेकांना सांगतो. पण "आतून" या एका शब्दाचा पुढचा अर्थ कोणी सांगत नाही आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. आतून म्हणजे उलटं. भिंतीवर, टाकीवर, खुर्चीवर शेवटचा हात दिसतो, आपल्याकडे पहिला हात दिसतो. बाकीचे सगळे हात त्याच्या मागे उभे राहतात.

आता गोष्ट. ती माझी दुसरी बॉडी होती, एक-दशांश स्केलची टूरिंग कार, १९० मिलिमीटर रुंद, नाकाला छान धार. पहिली मी घाईत कशीतरी उरकली होती, म्हणून ही कोणा जाणकाराकडून करून घ्यायची असं ठरवलं. ओळखीचे एक काका होते, दुचाकी रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. हात असा की टाकीवर मारलेली रेघ मोजपट्टीने तपासावी आणि मोजपट्टीच चुकीची वाटावी. मी बॉडी घेऊन गेलो, सोबत सूचनांचा कागद दिला. कागदावर एवढंच होतं की आतून रंगवा.

काकांनी कागद वाचला आणि आतूनच रंगवलं. त्यांच्याकडून कसलीही हयगय झाली नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. त्यांच्या कामात आधी पृष्ठभाग घासतात, मग प्रायमर, मग रंग, मग क्लिअर, म्हणजे वरचा बिनरंगी चमकीचा थर. तोच क्रम त्यांनी इथे मनापासून पाळला. ४०० नंबरचा वॉटर पेपर घेऊन बॉडी आतून सगळीकडून घासली, मग खिडक्यांना टेप लावली, मग राखाडी प्रायमरचे दोन हात, मग लाल भडक रंगाचे तीन, वर क्लिअर. मी घ्यायला गेलो तेव्हा बॉडी उताणी ठेवली होती, आतलं लाल असं चमकत होतं की त्यात छताचा दिवा दिसत होता. बाहेरच्या संरक्षक फिल्मवर लाल रंगाचा धूर बसला होता त्यामुळे बाहेरूनही ती लालसरच वाटली. मी खूश, काका खूश.

घरी येऊन फिल्मचं टोक नखाने उचललं आणि ओढली. ज्यांनी ओढलीय त्यांना तो आवाज माहितीय, चर्रर्र करत येते, आणि खालून नवीकोरी चकाकी बाहेर पडते, या छंदातला सगळ्यात सुंदर क्षण तोच. माझ्या हातात राखाडी गाडी होती. पूर्ण राखाडी. त्यात वॉटर पेपरच्या बारीक रेषा एकाच दिशेने गेलेल्या, आणि खिडक्या धुकं पडल्यासारख्या, कारण टेप लावली ती घासून झाल्यावर. इतकं सुरेख लाल प्रायमरच्या मागे गाडलं गेलं होतं आणि आता ते फक्त चासीलाच, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्यालाच, दिसणार होतं.

मी सहज हार मानणारा नव्हतो. प्रायमर काढता आला तर, म्हणून थिनर आणला, मागच्या चाकाजवळच्या कोपऱ्यात कापसाने लावला. रंग सुटला, पण त्याखालचं प्लास्टिक पांढुरकं झालं आणि बघता बघता कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पसरल्या. आपली बॉडी पॉलिकार्बोनेटची असते, लेक्सन हे त्याला एका कंपनीने दिलेलं नाव, जसं दुसऱ्या कंपनीचं मॅक्रोलॉन. १९५३ साली जर्मनीत बायरमध्ये हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, दोघं एकमेकांच्या नकळत याच पदार्थापर्यंत पोचले, मला ही गोष्ट फार आवडते. दंगलीत पोलिसांच्या हातात असते ती पारदर्शक ढालही याच्यापासून बनते, हातोडा सहन करते, आणि तरीही अॅसिटोनसारख्या सॉल्व्हंटपुढे हतबल होते. त्यात आपली बॉडी म्हणजे गरम पत्रा साच्यावर हवेच्या दाबाने खेचून बनवलेली, आत ताण अडकलेलाच असतो, सॉल्व्हंट लागलं की तो ताण चिरांच्या रूपाने मोकळा होतो. म्हणून हात जोडून सांगतो, अॅसिटोन आणि बाजारातलं साधं थिनर बॉडीजवळ सुद्धा ठेवू नका.

तरीही ती मी ट्रॅकवर नेली, राखाडी तर राखाडी. पहिल्याच धडकेत नाक दुमडलं आणि सरळ झालं, पॉलिकार्बोनेटचा तो गुणच आहे, पण प्रायमर दुमडत नाही. वाळलेल्या चिखलासारखे पापुद्रे सुटून आत पडले आणि त्यांच्यासोबत काकांचं लालही गेलं. कडक मॉडेलचा रंग आणि आपला रंग वेगळा का असतो हे मला त्या दिवशी कळलं. टामिया या मॉडेल बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या रंगाच्या डब्यांवर पीएस आणि टीएस अशी दोन अक्षरं असतात. पीएस पॉलिकार्बोनेटसाठी, प्लास्टिकला किंचित चावून धरतो आणि त्याच्याबरोबर वाकतो. टीएस कडक प्लास्टिकच्या मॉडेलसाठी, लेक्सनवर मारला की पहिल्या वळणाला सोलून निघतो. दोन्ही डबे शेजारी ठेवलेले असतात, दिसायला भावंडं. एका अक्षराचा फरक आहे, वाचा, दुसऱ्याला वाचायला लावा.

(इथे समोरून वेळेची चिठ्ठी आली.) पंधरा मिनिटं म्हणतायत. बरं. मग तयारी भराभर सांगतो, पण तयारी गाळणार नाही, कारण रंग बिघडतो तो बहुतेक वेळा रंगाआधीच.

बॉडी पारदर्शक आहे तोवरच चासीवर ठेवा. बॉडी पोस्ट, म्हणजे बॉडी ज्यांच्यावर अडकते त्या चासीवरच्या उभ्या दांड्या, आरपार दिसतात, वरून मार्करने ठिपका द्या, चाकांच्या कमानी आखून घ्या. रंग लागल्यावर हे सगळं अंदाजपंचे होतं. काहीजण आधी रंगवून मग कापतात, मी आधी कापतो, कारण कापताना बोटं आणि भुसा आत जाणारच, तर ते धुण्याआधी जाऊ दे. वाकड्या पात्याची कात्री घ्या, सरळ कड असेल तर कटरने हलकी रेघ मारून मोडा, भोकं रिमरने, म्हणजे फिरवत भोक रुंद करणाऱ्या निमुळत्या हत्याराने, पाडा, कोपरे गोल ठेवा आणि कडा घासा. चीर नेहमी टोकदार खाचेतून सुरू होते. आणि पत्रा जिथे जास्त ताणला गेलाय, म्हणजे खालचे कोपरे, बंपर, तिथे तो आधीच पातळ असतो, तिथे कात्री अजून जपून.

मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मऊ स्पंज, आतून. साच्याचं तेल, हाताचा घाम, सगळं जाऊ दे. वाळली की आत बोट लावायचं नाही. माझ्याकडे एक बॉडी आहे, बॉनेटवर अंगठ्याचा ठसा आहे, रेषा मोजता येतात, त्या घामावर रंग धरला नाही आणि तो ठसा आता कायमचा.

मास्क, म्हणजे जिथे रंग नको तिथलं झाकण. खिडक्यांचे तयार स्टिकर मिळतात ते आतून लावा, कडा कापसाच्या बडने दाबत जा, वळणावर दोनदा. लिक्विड मास्क, म्हणजे वाळून सोलता येणारा पातळ थर, वापरणार असाल तर तीन-चार हात, पूर्ण वाळू द्या, आणि कापताना पात्याचं वजन पुरे, जोर लावलात तर रेघ प्लास्टिकमध्ये उतरते आणि सहा महिन्यांनी गाडी तिथेच फुटते. नंबर आतून लावणार असाल तर मास्क आरशातल्यासारखा उलटा कापावा लागतो. ज्यांनी बाहेरून उलटा वाचावा लागणारा नंबर काढलाय त्यांनी हात वर करा. बघा, अर्धा हॉल! म्हणजे सगळ्यांना "आतून" माहीत होतं आणि "उलटं" माहीत नव्हतं, मी तेच म्हणतोय.

आता क्रम, ज्यासाठी तुम्ही आलात. कागद घ्या आणि डबा उघडायच्या आधी लिहून काढा, बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यात पुढे काय दिसायला हवं. ते पहिलं मारायचं. पिवळ्या गाडीवर काळा पट्टा हवाय तर आधी काळा पट्टा, मग त्याच्या मागून सगळीकडे पिवळा. उलट केलंत, म्हणजे पिवळा आधी आणि त्याच्या मागे काळा, तर पट्ट्याच्या जागी काळा दिसतच नाही, पिवळा फक्त मळकट हिरवट होतो, कारण पिवळा अंगाने पातळ, मागचं सगळं दाखवतो. म्हणून पिवळ्याच्या मागे आधी पांढरा, मग वाटलं तर काळा. फ्लुरोसंट रंगाचंही तेच, मागे पांढरा नसेल तर तो पेटतच नाही. पारदर्शक लाल-निळ्याच्या मागे चंदेरी द्या, मग बघा आतून उजेड आल्यासारखा रंग दिसतो. एका रंगातून दुसऱ्यात विरत जायचं असेल तर गडद आधी, कडेकडेने धूर सोडत, मग फिका त्याच्या मागून. फिका आधी लागला की त्याच्यावर गडदाचा धूर कितीही सोडा, बाहेरून दिसत नाही.

आणि पहिला हात नेहमी जवळजवळ कोरडा. २०-२५ सेंटिमीटरवरून, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. ओला मारलात तर रंग टेपखाली शिरतो, आणि तो शिरलेला रंग पहिला असल्यामुळे तोच पुढे दिसणार, झाकायला मागे काही करता येत नाही. दहा मिनिटं थांबा, मग दुसरा. मधेमधे बॉडी दिव्यासमोर धरा, रंग विरळ असेल तिथे चांदण्यांसारखे ठिपके दिसतील, ते बुजेपर्यंत पुढचा रंग उघडायचा नाही. दमट दिवशी नकोच, रंग पांढुरका पडतो. मोकळ्या हवेत बसा, आणि सॉल्व्हंटच्या वाफा अडवणारा मास्क लावा. साध्या कापडी मास्कने वाफ अडत नाही. या एका बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही, फुप्फुसं दुसरी मिळत नाहीत. नायट्रो, म्हणजे इंधनाच्या इंजिनाची गाडी, चालवणाऱ्यांनी शेवटी मागे इंधन सोसणारा एक हात द्या, मेथॅनॉलचे थेंब आतूनच उडतात.

एअरब्रशचं राहिलं, धडकेच्या जागी आतून जाळीची पट्टी आणि रबरी गोंद लावायचं राहिलं, चिठ्ठी परत आलीय. ती राखाडी बॉडी मी सोबत आणलीय, इथे टेबलावर उताणी ठेवलीय. नाकाकडचं लाल गेलं, पण टपाकडे काकांचा हात अजून शाबूत आहे, दिव्याखाली धरून आतून बघा. मागच्या चाकाजवळ जपून धरा, तिथे चिरा आहेत. मग उलटी करा.